एक कान

पुंजाजी बोरस्ते निफाडहून आले
भाच्याच्या मोटारसायकलवर, मांडीवर सिमेंटची पिशवी.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात हा.
"म्हातारी याच्यावर टाचा घासायची," म्हणाले,
"ती गेल्यावर बागेत होता, ठिबकची नळी दाबायला.
भाचा म्हणतो, म्युझियमला दाखवा.
दगड आहे का वो बाई?"

दगड नाही. कान आहे.
निमुळत्या बुडाच्या उंच रांजणाचा,
ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नसे,
म्हणून जहाजाच्या पोटात रोवायचे
शेजाऱ्याला टेकवून.
भिंग लावलं. भाजक्या मातीत काळी, चमकती वाळू,
रोमकांच्या मुलखातल्या एका डोंगराची, जो पेटायचा.
आपलेही डोंगर पेटलेलेच, मी म्हणाले, फार फार आधी.
"आमच्या शेताला विचारा," बोरस्ते म्हणाले.
"पहार वाकते."

मग जरा थांबून, "काय यायचं यातून?"
दारू. द्राक्षाची.
ते इतके हसले की वॉचमन डोकावून गेला.
त्यांचा माल मागच्या मार्चात तिकडेच गेला,
पांढऱ्या पेट्यांतून, मण्यामण्याची जाडी मोजून.
एका कंटेनरचे पैसे अजून यायचेत.
हे पाटीवर लिहायचं नसतं.
पाटीला साठ शब्द.

आमचं यवन दालन म्हणजे जिन्याखालचं कपाट.
वरच्या फळीवर प्लास्टरची देवी, नक्कल,
कुणी कधी विकत घेतली त्याची पावती नाही.
शाळेची पोरं दर वेळी विचारतात,
"बाई, हात कोणी तोडले?"
आणि दर वेळी मी नकळत शिपायाकडे बघते.
मधल्या फळीवर चांदीचं नाणं:
एका क्षत्रपाचं नाक, भोवती ग्रीक अक्षरं,
त्यांतलं एक उलटं.
कोरणाऱ्याला वाचता येत नसावं.
मलाही त्याच्याहून फार येत नाही,
तक्ता समोर धरूनच लावते.
खाली अकरा खापऱ्या, कापसावर.
वर्षाचं अनुदान कापसापुरतं येतं.

रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढले.
सतराव्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर,
एक माणूस अजून सांगतोय:
मी उत्तरेचा, दात्तामित्रीचा, यवन,
धम्मदेवाचा मुलगा,
हे लेणं आणि ही पाण्याची टाकी
आईबापांसाठी.
बस्स.
समुद्राबद्दल चकार शब्द नाही.
घरी येऊन माझ्या पाटीतले चाळीस शब्द खोडले,
"व्यापारी संबंधांचा मौलिक पुरावा" आधी.

मंगळवारी बोरस्ते सहीला आले.
देणगीदाराचं नाव, या रकान्याशी पेन थांबलं.
"म्हातारीचं टाका. ठकूबाई."
मी म्हटलं, वस्तू तुम्ही देताय.
म्हणाले, "टाचा तिच्या होत्या."
नियमात बसत नाही. बसवलं.
जाताना काचेवर वाकून त्यांनी देवीकडे पाहिलं,
मग कानाकडे, मग मला विचारलं,
"ह्याला ऊन नाही ना लागणार?"

नोंद बारा. भाजकी माती.
वजन तीनशे बेचाळीस ग्रॅम.
स्थिती: तुटलेला. एक बाजू घासून गुळगुळीत.
रांजणाला कान दोन असतात.
हा डावा की उजवा
फिरवून फिरवून पाहिलं, कळत नाही.
तो रकाना रिकामा सोडलाय.
कपाटातला दिवा एकाच अंगाला लागतो,
म्हणून ठेवलाय तिरका,
तांबट आळीच्या बाजूला,
जिथून दुपारभर ठोके येतात.