आस

खारघरच्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
मुकादम मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला
आणि माझं घर काढलं.
बायका गोल, पुरुष चौकोन.
चांगुणा, माझी आई: गोल, आतून काळा.
बारकीमावशी: गोल, काळा.
मी: अजून पांढरी.
पेन माझ्यावर जरा घुटमळलं,
मग रेघ धरून खाली उतरलं,
वेदिकाकडे, वय वर्षं अकरा.

"विषाणू बहुतेकींना कधीतरी गाठतोच," त्या म्हणाल्या,
"आला तसा निघूनही जातो.
पेशी दारात उभी राहते,
आत काय शिरलंय त्याचा तुकडा तळहातावर घेऊन;
गस्तवाले बघतात, ओळखतात, निपटतात.
पण हात ज्याचे त्याचे.
कुणाच्या हातात तो तुकडा नीट बसतच नाही."
हे हात कसे घडायचे ते लिहिलेलं असतं
सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर.

"म्हणजे आस," मी म्हणाले.
"हो, आशा तर आहेच," त्या घाईनं म्हणाल्या.
ती आस नव्हे हो, मॅडम. तो आस.
जाळ्याचा. दोन गाठींमधलं भोक.
आस मोठा असला की बोईट अडकतो, जवळा निसटतो.
जाळं फाटलेलं नसतं,
विणणाराही चुकलेला नसतो,
खाडीत त्या दिवशी काय येणार
ते त्याला कुठं माहीत असतं?

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
वहीत त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आईच्या अंगावरून पांढरं जायचं, दोन वर्षं.
ती दिवाळ्याच्या बाजारात पाटीमागे बसायची
पाय घट्ट जुळवून,
आणि वास मासळीचाच आहे असं
सगळ्यांना वाटू द्यायची.
रिपोर्ट आला त्या रात्री बाबानं विचारलं,
एकदाच, भिंतीकडे बघत:
"ह्यो कुनाकरशी आनलास?"
तिनं उत्तर दिलं नाही.
नंतरचे आठ महिने तो पडवीत जेवला.

"वडिलांचंही रक्त मिळालं तर बरं," मॅडम म्हणाल्या.
"प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती.
तुमची एक आईची, एक त्यांची.
आणि हे बघा, हा अंदाज आहे, निकाल नाही.
काळा गोल जनुकं एकटी भरत नाहीत.
तपासणी चुकवू नका. मुलीला लस द्या."

वेदिकाला लस दिली. दंड धरून ती म्हणाली,
मुंगी चावली त्यापेक्षा जास्त, विंचवापेक्षा कमी.
विंचू तिला कधीच चावलेला नाही.

बाबा जेट्टीवर बसला होता,
अंगठ्यात जाळं अडकवून, बांबूची सुई तोंडात.
मी सगळं सांगितलं. खालच्या आवाजात,
मग आवाज खाली कशाला म्हणून मोठ्यानं.
की तो बाईच्या वागण्याचा हिशेब नसतो.
की लग्नाच्या नवऱ्याकडूनही येतो,
आणि त्यालाही कळत नाही तो कधी आला.
की आईच्या जाळ्याचा आस तसा होता,
जन्मापासून, आजोबा-आजीच्या हातचा.

ओहोटी लागली होती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.
बाबानं एक गाठ घातली, बघितली, सोडवली.
पुन्हा घातली. पुन्हा सोडवली.
"मंग मीच आनला आसंल," म्हणाला,
आणि सुई परत तोंडात धरली,
म्हणजे पुढचं बोलायला नको.

बुधवारी तो माझ्याआधी तयार होऊन बसला,
धुवट सदरा, केसांना तेल.
सुई शिरताना त्यानं हात हलू दिला नाही.
फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं,
"नाव जोमा कोळी. पेशंटचे कोण तुम्ही?"
मी म्हणणार होते, वडील. माझे.
तो आधी बोलला,
चौदा वर्षांनी, भिंतीकडे न बघता:
"चांगुनाचा नवरा."