एक खिळा

अप्पा, तुम्ही उद्यमबागेत चौतीस वर्षं लोखंड ओतलंत.
घरी यायचात तेव्हा नाकपुड्यांत काळी वाळू.
आई तुमचा रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची.
मी रसायनशास्त्रात डॉक्टर झाले तेव्हा तुम्ही विचारलंत,
"कशात गे?"
लोखंडात, म्हटलं.
तुम्ही खोकला लागेस्तोवर हसलात,
"म्हणजे तू बी फाउंड्रीतच की!"

फाउंड्रीच, पण तिथं भट्टी नाही.
काचेच्या बशीत निळा थर,
त्या निळ्यात धरून ठेवलेलं लोखंड,
आणि वर जंतूंचा एक ठिपका.

माणसाच्या अंगात सगळं मिळून लोखंड किती?
एक खिळा होईल, अडीच इंची.
तुम्ही टनांनी ओतलंत,
आणि तुमच्यात एक खिळा.

शरीर तो कुलपात ठेवतं.
रक्तात मोकळा एक अणू सापडायचा नाही.
जंतूंचं त्यावाचून अडतं, एकाचे दोन होता येत नाही,
म्हणून ते एक रेणू विणतात तीन हातांचा
आणि बाहेर सोडतात.
तो लोखंडाला असा कवटाळतो
की आम्ही आम्लात बुडवल्याशिवाय सोडत नाही.

शरीरही हे ओळखून आहे.
पांढऱ्या पेशी एक प्रथिन धाडतात, वाटीसारखं खोलगट.
तीन हातांसकट लोखंड त्यात अडकतं.
इथवर तुम्हाला एकदा जेवताना सांगितलं होतं.
भाकरी मोडत तुम्ही म्हणालात, "बरं झालं."

पुढचं राहिलं.

पुढचं असं, की काही जंतू त्या रेणूला साखर लावतात.
ग्लुकोजचे दोन तुकडे, बास.
मग वाटीत तो बसत नाही,
लोखंड घेऊन सरळ निघून जातो.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तहसीलदार कचेरी आठवली.
उताऱ्यासाठी खिडकीशी वाकलेले तुम्ही,
"सर, स्वल्प नोड्री,"
घरात कधी न काढलेल्या गोड आवाजात,
आणि मान वर न करता शिक्का मारणारा कारकून.
मी दाराशी, नऊ वर्षांची. वाटलं, हे कोण?

तुलना बरोबर नाही.
तुम्ही चोरायला गेला नव्हता, उतारा आपलाच होता.
पण साखर तीच.

यंदा मार्चात तुम्हाला टायफॉईड झाला.
टिळकवाडीतला दवाखाना, रिपोर्टात लोह घसरलेलं.
भरमाण्णाकाका खजूर घेऊन आले,
वहिनीनं टॉनिकची बाटली आणली,
मी दोन्ही पिशवीत परत घातलं.
कॉटपाशी भांडण झालं, दोन्ही भाषांत.
मी ओरडले, त्यांचा खिळा हरवला नाही, लपवलाय!
ताप आला की यकृत निरोप धाडतं
आणि आतून कड्या लागतात,
चोर गल्लीत शिरलाय कळल्यावर
बाया दिवा मालवून बसतात तशा.
डॉक्टर सवदत्तीमठ बाईंनी चष्मा पुसला,
म्हणाल्या, बरोबर आहे, ताप उतरू दे आधी.

तुमच्या रक्तातून वाढवलेले जंतू मी त्यांच्याकडून मागून घेतले.
रात्री निळ्या बशीवर ठेवले.
लोखंड जिथवर ओढून नेलं जातं, तिथवर निळा रंग उडून
नारिंगी कडं उमटतं.
अशी शेकडो कडी मी खुशीत मोजलीत,
मोठं निघालं की चहा मागवलाय.

सकाळी कडं होतं.
भट्टीचं दार उघडल्यावर तुमच्या गालावर पडायचा
तो रंग.
मोजपट्टी बराच वेळ नुसती हातात.
अकरा मिलिमीटर.
वहीत आकडा लिहिला, तारीख, नमुन्याचा क्रमांक.
नाव लिहायचं नसतं.

दुपारी आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात,
कुठल्याशा शिफ्टचा भोंगा ऐकत.
"माझा खिळा हाय न्हवं जाग्यावर?"
हाय, म्हटलं,
आणि खजुराची पिशवी
पायानं कॉटखाली सरकवली.