न आलेल्या मोटारी

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या बोळात,
एकतीस वर्षं मी जळलेल्या मोटारी उघडतोय.
नाकानंच कळतं मला:
वार्निश करपलं की एक वास,
पाणी आत शिरलं की दुसरा,
आणि मालक खोटं बोलत असला
तर तोही येतो, जरा उशिरा.

गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, नवी कुठली घेऊ?"
तोंडातला दोरा न काढता मी सांगायचो,
"काय बी घे. जलवंती तेवढी नको."
आणि कोपऱ्यातला ढीग दाखवायचो.
दहातल्या सात जलवंती,
निळ्या, काळवंडलेल्या, पोट फाडलेल्या.
पुरावा आणिक काय असतो?
हाताला काळं लागतं, तो.

आणि मंगळवार.
माझे वस्ताद बाळगोंडा मिस्त्री सांगायचे,
मंगळवारी तांब्याला राग असतो.
मी बघितलंय की!
मंगळवारी शटर वर केलं की पायरीवर सहा-सात मोटारी,
वडणग्याच्या, कसबा बीडच्या,
ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या,
दवाखान्याच्या दारात बसल्यागत.
मी आधी उदबत्ती लावायचो, मग मेगर.

सम्मेद आयटीआय करून आला,
निमशिरगावचा, कमी बोलणारा.
तीन महिने त्यानं नुसती तार गुंडाळली.
मग एका मंगळवारी, चहाचा कप विसळत,
"काका, सोमवारी आपलं दुकान बंद असतंय न्हवं?"

बस. एवढंच.
मी त्याला स्लॉटचा कागद कापायला बसवला,
गरज नसताना, दिवसभर.
वस्तादांच्या फोटोकडं बघितलं.
तेही सोमवारी बंदच ठेवायचे.

उन्हाळ्यात रंगराव चौगल्यांची मोटार बसवायला
प्रयाग चिखलीला गेलो, नदीकाठी.
नट आवळून झाले. लाईट यायची होती.
बाभळीखाली टेकलो.
सव्वादोनला लाईट आली
आणि सगळा काठ एकदम बोलायला लागला.
ऑटोवर टाकलेल्या मोटारी,
एक, दोन, अकरा, पुढं मोजता येईना.
उठलो. बघत गेलो.
गवतात, पत्र्याखाली,
उन्हानं निळा रंग पांढरा पडलेला:
जलवंती. पुढची जलवंती.
एकीच्या छपराला साळुंकीचं घरटं.
"ही? आबांनी बसवल्याली," चौगले म्हणाले.
"सोळा वर्षं झाली, उघडल्याली आठवत न्हाई.
गावात ह्याच सगळ्यांच्या. सोसायटीनं दिलत्या."

म्हणजे ह्यांना मी कधी भेटलोच नव्हतो.
जी बरी आहे ती माझ्या दारात कशाला येईल?
एकतीस वर्षं आजाऱ्यांच्यात राहिलो
आणि सांगत सुटलो, इथली हवाच वाईट.

येताना पंचगंगेच्या पुलावर गाडी थांबवली.
थांबवायचं तसं कारण नव्हतं.
इचलकरंजीचा माझा धाकटा भाऊ,
फोन आला की पैसेच मागतो,
असं मी चारचौघांत सांगतो.
त्यानं न मागितलेल्या दिवसांचा हिशेब
कुणी ठेवला? त्या दिवसांत
मी तरी कुठं फोन केला?
फोन काढला. परत ठेवला.
हाताला वार्निश होतं,
असं स्वतःला म्हणालो.

आता भिंतीवर सम्मेदनं खडूनं दोन रकाने आखलेत.
'आलेल्या', 'न आलेल्या'.
पहिल्यात रेघा वाढतात.
दुसऱ्यात काय लिहायचं, त्यालाही माहीत नाही.
तिथं एक पाल येऊन बसते.

आज शिंगणापूरचा एक पोरगा
जळकी जलवंती घेऊन आला.
"मिस्त्री, ही कंपनीच खराब ना?"
सवयीनं जीभ उठली. "हां, ती..."
सम्मेदनं मान वर केली नाही,
पण तारेवरचा हात थांबला.
मी म्हणालो, "ही जळलीय.
बाकीच्यांचं मला विचारू नको.
त्यांची माझी ओळख नाही."

पोरगं हसलं. त्याला वाटलं, चेष्टा करतोय.
आजचा वार मंगळवार.
उदबत्ती मी लावलीच.