राळ

तीन पात्यांचा स्क्रू. असला पेचकस दापोलीतसुद्धा मिळत नाही.
बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीवर मऊ केली,
स्क्रूच्या डोक्यावर दाबून धरली, निवू दिली:
झाला पेचकस. दोन स्क्रू निघतात त्याने, तिसऱ्याला नवी नळी.

झाकण उघडलं तर आत हर्णैची सगळी हवा.
सेलच्या पत्र्यांवर हिरवा गंज, बुरशीसारखा फुललेला,
बटणाखाली वाळू, एक मुंगी,
आणि कुठल्याशा रमजानमधल्या खजुराचा चिकटा.

हे काम माझं नाही तसं.
मी बंदरावरचा. ट्रॉलरचे वायरलेस, मासे दाखवणारे पडदे,
खारं पाणी प्यालेलं वायरिंग.
गेल्या वर्षी कुणाच्या तरी पोराचा डबा चालू करून दिला
आणि तेव्हापासून घराघरांतल्या माळ्यांवरून
कुवेतहून, दोह्याहून आलेले हे करडे खेळ
माझ्या टेबलावर उतरायला लागले,
काही तर बांगड्यांच्या पिशवीतून.

गंजाला लिंबू आणि जुना ब्रश.
एकदा कोकमाचं आगळ लावून बघितलं होतं.
त्यात मीठ असतं हे मी, कोकणात जन्मून, विसरलो.

मग राळ.
तापल्या टोकाला टेकवली की धूर येतो
आणि धुरात बाबा येतात,
उपड्या होडीपाशी उकिडवे बसलेले,
फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून
वर राळ-तेल चोपडणारे.
पाणी आत येऊ नये म्हणून त्यांची राळ.
माझी, वीज आत जावी म्हणून.
वास एकच.

तहसीन सारंगने आणलेला डबा सोपा होता.
कठीण होती तिची अट.
कॅसेटच्या पोटात एक बटण-सेल असतो,
खेळ कुठवर आला ते तेवढा सेल लक्षात ठेवतो.
तो मरायला टेकलेला. काढला की सगळं पुसतं.
"भाईने खेळ जिथं सोडला तिथंच राहायला पाहिजे," ती म्हणाली.
मुदस्सर गेल्याला नऊ वर्षं झाली.
गेला म्हणजे कतारला. ईदला फोन येतो.

उपाय आहे. डबा चालूच ठेवायचा,
पोट उघडं, लाल दिवा पेटता,
आणि जित्या अंगात सेल बदलायचा.
जुना उपटला. कथील पाऱ्यासारखं गोल झालं.
नवा चिमट्यात धरला, श्वास धरला,
आणि लाईट गेली.

टोक निवत गेलं. टेकवून पाहिलं,
कथील रवाळ झालं, धरेना.
डब्यातले सेल तिच्याच घरचे, टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले.
ते आधी बदलायला हवे होते. मला माहीत होतं.
तहसीनने मोबाईलचा उजेड धरला,
तिचा हात हलत होता. माझाही.
बाहेर लिलावात सुरमईचा भाव चढत होता,
इथे लाल दिवा बारीक.
टोक मेणबत्तीवर धरलं, नुसती काजळी बसली.
मग दिवाच नाही.

अकरा मिनिटांनी लाईट आली.
सांधा आरशासारखा बसला,
इतका देखणा मला आयुष्यात जमला नव्हता.
नवे सेल घातले.
पडद्यावर खेळ पहिल्यापासून.

सांगितलं तिला, ट्रॉलरवाल्यांना सांगतो तसं:
गेलं, पोरी. माझ्या हातून.

ती पडद्याकडे बघत राहिली.
"मला कधी हातच लावू दिला नाही त्याने," म्हणाली.
"रोज म्हणायचा, एवढा डाव संपू दे."

खेळ नाव विचारत होता.
तिने डबा उचलला, मागचं झाकण अजून लावायचं होतं,
स्क्रू बशीत,
आणि अंगठ्याने एकेक अक्षर शोधायला लागली.
चौथं सापडेना तिला.
मी बशी बाजूला सरकवली. सांगितलं नाही.