सात नंबर, डावखुरी

थंडर बे, फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस,
आणि हा गृहस्थ बगलेत गोल्फची काठी घेऊन दारात,
बुटांवरचा बर्फ आपटून झाडत.
मैदान उघडायला अडीच महिने आहेत, मी म्हटलं.
ठाऊक आहे, म्हणाला ऑर्विल टेसियर,
धान्याच्या कोठारावर क्रेन चालवायचा पूर्वी.

काठी बहिणीची. ती गेली.
घरात दुसरं कोणी डावखुरं नव्हतं,
आता नात निघालीय, नऊ वर्षांची,
चमचासुद्धा डाव्या हातात धरते.
डोकं हेच हवं. दांडा तेवढा तिच्या उंचीचा.
आणि उद्या. उद्या वाढदिवस.

उद्या.

माझ्या फळीवर दोन जातींचं एपॉक्सी.
एक पाच मिनिटांचं,
कपाचा कान, चष्म्याची दांडी, असल्या कामांना पुरतं.
पण लोखंडी डोकं ताशी शंभरच्या वेगाने खाली येतं
आणि चेंडूमागची कडक माती खणतं तेव्हा
झटकन आलेलं झटकन जातं.
एकदा गेलंय. सातव्या टीवर.
चेंडू जागच्या जागी, डोकं तळ्यात,
आणि गिऱ्हाईक नुसता दांडा हातात धरून
बदकांकडे बघत उभं.
सगळे हसले. मी नाही हसले,
जोड माझा होता.

दुसरं चोवीस तासांचं.
थंडीतल्या मधासारखं जाड. दोन्ही नळ्यांतलं सारखं घ्यायचं,
सावकाश घोटायचं, फेस आणायचा नाही.
आणि हे चोवीस तास वीस अंशांवरचे,
डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले.
माझं गॅरेज रात्री चारवर उतरतं.

पण आधी जुनं सोडवायला हवं.
हीटगनची धग मानेला, फिरवत फिरवत.
काळी टोपी मऊ पडून कलली,
जळक्या शिंगासारखा वास सुटला,
आणि एकतीस वर्षं न हललेलं डोकं
कुरकूर न करता हातात आलं.
आत पिवळा भुगा. भुग्यात
मासे धरायच्या दोरीचा तुकडा, केसाएवढा, वेटोळं झालेला.

मी दिवा जवळ ओढला.

दांडा भोकात मधोमध बसावा म्हणून
दोरी घालणारा माणूस या गावात एकच.
आर्वो निस्कानेन. हे गॅरेज त्याचं, ही पक्कडही.
या कामाला काचेचे बारीक मणी मिळतात, मी सांगायची.
दोरी आहे ना घरात, तो म्हणायचा,
आणि विषय संपायचा.

ऑर्विलला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.
पैसे नव्हते दिले तिने, म्हणाला,
दोन मासे दिले होते. मोठे.

मग काय. पाच मिनिटांची नळी परत फळीवर.
दांड्याचं टोक पॉलिशपेपरने घासलं, चमक पार जाईपर्यंत,
भोकात तारेचा ब्रश, मग अॅसिटोन, मग फुंकर नाही
(फुंकरीत ओल असते, हेही आर्वोचंच).
खिळ्याला त्याचं दोरीचं रीळ अजून आहे.
नखाएवढी कापून घेतली.

सौनाला लागून कपडे बदलायची खोली आहे,
तिथल्या बाकाखाली उभी केली काठी, भट्टी मंद ठेवून.
उरलेला थेंब पुठ्ठ्यावर. दर तासाला नखाने दाबायचा.
अकराला बोट चिकटलं.
दोनला खूण उमटली.
पहाटे पाचला खूण उमटली, पण नाइलाजाने.

ऑर्विल नऊला हजर, चंदेरी कागद घेऊन.
गुरुवारपर्यंत मारायची नाही, मी बजावलं,
धरू दे, आरशासमोर उभी राहू दे, चेंडू नाही.
त्याने खिडकीकडे मान वळवली.
अंगणात बर्फ कमरेएवढा.
मारणार कुठे, म्हणाला.

तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे.
दुपारी नख दाबलं,
नखच दुखलं.