आठ वाजता बर्फ नसतो

एंडेलनं फोनवर एवढंच सांगितलं :
तुझ्या डब्याच्या मते
आठ वाजता बर्फ नसतो.

सात वाजता अठ्ठावीस सेंटिमीटर.
दहाला अठ्ठावीस.
मधले दोन तास
हीउमा बेटापासून पलीकडच्या काठापर्यंतचा समुद्र
जणू जूनमधला.
आणि नेमकी आठलाच लेइली
टपालाची गाडी घेऊन काठावर येते,
पट्टा सोडते (बर्फावर तो बांधायचा नसतो,
बुडताना सुटत नाही)
आणि पाटीवर शून्य बघत बसते.

डबा केवढा, तर पावाच्या लादीएवढा.
पोटात चार मेगाबाइट,
त्यात अख्खं लिनक्स
गुडघे छातीशी धरून बसलेलं.
आज्ञा तीनशे, फाईल एकच :
ज्या नावानं हाक माराल
ते काम उचलते,
थोरल्या लेकीसारखी.

मी केबल जोडली. काळ्या पडद्यावर
तारीख वाचायची आज्ञा दिली.
०६. वाचलं.
०७. वाचलं.
०८.
अवैध संख्या.

तीन रात्री मी सेन्सरवर संशय घेतला,
थंडीवर, बॅटरीवर,
अगदी एंडेलवरसुद्धा.
चौथ्या रात्री, चूल विझत आली तेव्हा
ती ओळ सापडली,
वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली.
आळसानं नव्हे, काटकसरीनं.
अंकाचा पाया काय, या प्रश्नापुढे
त्यानं शून्य ठेवलं होतं,
म्हणजे : तूच ओळख.

आणि यंत्रानं ओळखलं.
पुढे शून्य दिसलं की
ते अष्टमानात शिरायचं,
जिथे शून्य ते सात एवढेच अंक,
सातानंतर थेट हातचा एक.
त्या गावात आठ जन्मलेलाच नाही.
नऊचं तर नावच नको.
त्याला आठ आठवत नव्हता असं नाही,
त्याला तो कुणी शिकवलाच नव्हता.

मी शून्याच्या आधी एक लिहिला.
पाया : दहा.
बस.
मग दोन चाचण्या जोडल्या, आठसाठी एक, नऊसाठी एक,
कारण उद्या कुणीतरी पुन्हा काटकसर करणार.
बांधून पाहिलं : फाईलचा आकार तोच,
एक बाइटही जास्त नाही.
मला उगाच वाटलं होतं
निदान एखादी तरी वाढेल.

सकाळी डबा परत बसवायला गेले
तर एंडेल बर्फावर होताच,
हातातलं गिरमिट फिरवत.
खिशातून त्यानं वही काढली,
तेलाचे डाग पडलेली.
तीन हिवाळे.
रोज दोनच नोंदी,
आठची आणि नऊची,
शिसपेन्सिलीनं, कारण शाई गोठते.
शाळेत आठचा पाढा त्याला कधीच आला नव्हता, म्हणाला,
पण आठ वाजता बर्फ असतो
एवढं माहीत होतं.

लेइलीला आठला कोण हिरवा झेंडा दाखवायचं
हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाटीवर आकडा उजळला : ०८.००, सत्तावीस.
मी त्याच्याकडे पाहिलं.
लेइलीनं काच खाली करून अंगठा वर केला,
गाडी हळूच उतरली बर्फावर,
बर्फ लांबवर कण्हला, जसा चांगला बर्फ कण्हतो.

एंडेलनं गिरमिटाच्या भोकात पट्टी सोडली.
वाकून, चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ बघितलं.
अठ्ठावीस, म्हणाला.
तुझा डबा तिरका बसलाय.

मी म्हटलं, उद्यापासून तुला यायची गरज नाही.
त्यानं वहीत अठ्ठावीस लिहिलं,
पेन्सिल कानावर खोचली
आणि नऊ वाजायची वाट बघत
तिथेच उलट्या बादलीवर बसला.