पाण्याची ओळख

सकाळी सहाला टाकीचं झाकण उघडून
मी पितळी काठी आत सोडते,
टोकाला बोटभर पेस्ट.
रंग बदलला नाही
म्हणजे तळाशी पाणी नाही,
म्हणजे दिवस चालू.

कोगनोळीच्या अलीकडचा आमचा पंप.
दोन पैसे स्वस्त म्हणून
एमएच नऊच्या गाड्या इकडं वळतात,
केए तेवीसच्या तर घरच्याच.

आज पेस्ट तांबडी झाली.

रात्रभर पाऊस, झाकणाचं रबर जुनं,
मालकांना दोनदा सांगून झालेलं.
‘पेट्रोल बंद’ ही पाटी वर मराठीत मी लिहिली,
खाली कन्नडमध्ये बसगोंडाने.
त्याची ओळ जास्त सरळ आली.

रांगेतून कुणी विचारलं, “नीर होक्कैतेन्री?”
म्हटलं, “होय, शिरलंय.”

नमुना काचेच्या बाटलीत काढून
बसगोंडाने ती उन्हात धरली.
वर पिवळं, खाली गढूळ,
मधे केसाएवढी रेघ.

यातले चार भाग समुद्रापलीकडचे.
तिकडं लढाई पेटली की जहाज अडतं
आणि आमच्या मीटरवरचे आकडे घाबरतात.
पाचवा भाग इथला,
संकेश्वरच्या अंगचा,
मळीचा, आंबवलेला, गाळलेला,
माझ्या नवऱ्याच्या रात्रपाळीचा.
फलकावर लिहिलंय, ‘शेतातलं इंधन, देशाचं बळ.’
खोटं नाही ते.
पण फलकावर पाऊस धरलेला नाही.

एरवी दोघं असे मिसळून असतात
की कुणाचं काय, सांगता येत नाही.
उसानं वर्षभर वेदगंगा प्यायलेली,
भट्टीनं उकळून उकळून
तिचा थेंब न् थेंब बाहेर काढलेला,
तशी कागदावर सही आहे, शिक्का आहे.
तरी चार घागरी पाणी भेटलं काय
आणि ह्यानं पेट्रोलचा हात सोडला,
तिच्यासोबत तळाशी जाऊन बसलं.

मला राग यायला हवा होता.
दिवसाचा धंदा गेला, मालक फोनवर ओरडतायत.

बसगोंडाने वरचं अलगद ओतून घेतलं.
उरलेलं मी नाकाशी धरलं.
पेट्रोलच्या वासाखालून
तोच आंबूस, गोडसर, ओळखीचा वास,
सकाळी खुंटीला अडकवलेल्या
खाकी शर्टाचा.

दुपारी माणसं येतील, टाकी उपसतील,
देसूरहून नवा टँकर निघेल.
तोवर हवा चालू आहे, हवा फुकट आहे.
शाळेला निघालेल्या दोन पोरींच्या सायकलींत
मी ती टणटणीत भरून दिली.